देणं वरून उतरतं, घेणं डोक्यावर ठेवायचं

जपानमधल्या गल्लीत एखादं नूडल्सचं दुकान बंद असलं की शटरवर कागद चिकटवलेला दिसतो : ‘होन्जित्सु क्यूग्यो सासेते इतादाकिमास’. कामापुरता अर्थ एवढाच, की आज दुकान बंद. पण शब्द सुटे करून पाहिले की मामला वेगळाच निघतो. ‘होन्जित्सु’ म्हणजे आज, ‘क्यूग्यो’ म्हणजे धंद्याला सुटी, ‘सासेते’ म्हणजे करू देऊन आणि ‘इतादाकिमास’ म्हणजे मस्तकी धरून स्वीकारतो. सगळं मिळून : आज आम्हाला धंदा बंद ठेवू देण्याची आपली कृपा आम्ही शिरसावंद्य मानून घेत आहोत. गंमत अशी की गिऱ्हाइकाला कोणी काही विचारलेलंच नसतं. तो बिचारा भूक लागली म्हणून आलेला असतो आणि शटरकडे बघत उभा असतो. तरीही व्याकरणाने त्याची परवानगी घेऊन टाकलेली असते, आणि त्याबद्दल त्याचे उपकारही मानून झालेले असतात.

आपल्याकडे ‘आज दुकान बंद राहील’ एवढ्यावर भागतं. म्हणून आपल्या भाषेत आदर कमी आहे असं कोणी समजू नये. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आपल्याकडे आहेत. एकटे बाबा आले तरी क्रियापद अनेकवचनी होतं. नावापुढे राव, पंत, बाई, ताई लागतात. पण मराठीतला हा आदर माणसाला चिकटलेला असतो. बाबा एकदा ‘अहो-जाहो’तले ठरले की घरात, दारात, बँकेत, परक्यापुढे सगळीकडे ते ‘आले’च. जपानी आदर असा एका माणसाच्या अंगावर कायमचा बसत नाही. या क्षणी कोण कोणाशी बोलतंय आणि कोणाकडून कोणाकडे काय गेलं, यावर तो ठरतो. मला तर वाटतं, जपानी भाषेतलं आभार मानणं हे वेगळं प्रकरणच नाही. आदराच्या व्याकरणाची ती शेवटची ओळ आहे.

मघाचा ‘इतादाकु’ घ्या. ‘इतादाकी’ म्हणजे शिखर, माथा. मिळालेली वस्तू डोक्याच्या वर उचलून धरायची, हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. देवळात हातावर प्रसाद पडला की तो कपाळाला लावून मग तोंडात टाकणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पुढे त्याचा अर्थ नम्रपणे घेणं, आणि तिथून नम्रपणे खाणं असा सरकत गेला. जपानी माणूस ताटापुढे हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतो तो हाच शब्द. आणि जेवून उठताना म्हणतात ‘गोचिसोसामा’. यातल्या ‘चिसो’ची चिनी अक्षरं आहेत दौडणं आणि पळणं : तुमची केवढी धावपळ झाली! आपला पाहुणा उठताना म्हणतोच की, ‘कशाला एवढा घाट घातलात!’

आता देण्याघेण्याची क्रियापदं. मराठीत ‘देणे’ एकच. मी तुला दिलं, तू मला दिलंस, त्याने तिला दिलं. क्रियापद बदलत नाही. जपानीत माझ्याकडून दुसऱ्याकडे गेलं तर ‘आगेरु’, म्हणजे मुळात ‘वर चढवणं’. दुसऱ्याकडून माझ्याकडे किंवा माझ्या माणसांकडे आलं तर ‘कुरेरु’. तोच देणारा मोठा असेल तर ‘कुदासारु’, म्हणजे ‘वरून खाली उतरवणं’. आणि घेणाऱ्याच्या बाजूने बोलायचं असेल तर ‘मोराउ’, किंवा मोठ्याकडून घेतलं तर आपला तो डोक्यावरचा ‘इतादाकु’. म्हणजे कर्ता सांगितला नाही तरी वस्तू कुठून कुठे गेली हे क्रियापदच सांगून मोकळं होतं. जपानी वाक्यात ‘मी’ आणि ‘तुम्ही’ फारसे दिसत नाहीत याचं एक कारण हेच. ‘इराश्शाइमास का’ असं विचारलं तर येणारे तुम्हीच, कारण ते आदराचं रूप आहे आणि कोणी स्वतःला ते लावत नाही. ‘माइरिमास’ म्हटलं तर येणारा मी, कारण ते स्वतःला खाली घेणारं रूप आहे.

जपानी शिकवताना सर्वांत सुखाचा धडा इथेच लागतो, कारण ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला जोडताना जपानी आणि मराठी अगदी सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. ‘काइते कुरेता’ म्हणजे ‘लिहून दिलं’. ‘काइते मोरात्ता’ म्हणजे ‘लिहून घेतलं’. जपानी ‘ते’च्या जागी मराठी ‘ऊन’ ठेवा, वाक्य उभं राहतं. इंग्रजीतून शिकणारा इथे आठवडाभर घाम गाळतो. पण मराठी विद्यार्थ्याचं हे सुख फार टिकत नाही. आपल्याकडे ‘मित्राने पत्र लिहिलं’ आणि ‘मित्राने पत्र लिहून दिलं’ दोन्ही चालतं. जपानीत काम माझ्यासाठी झालं असेल आणि मी ‘कुरेता’ जोडलं नाही, तर ऐकणाऱ्याला मी उपकार विसरलो असं वाटतं. आभार मानताना तर सुटकाच नाही. ‘आल्याबद्दल धन्यवाद’ हे थेट जपानीत होत नाही. ‘किते कुदासात्ते अरिगातो गोझाइमास’ : येऊन, ते येणं वरून खाली आमच्यापर्यंत उतरवलंत, म्हणून आभार. रेल्वे फलाटावरची घोषणाही याच सुरात असते. पिवळ्या रेषेच्या आत मागे सरका, एवढंच सांगायचं असतं. पण शेवटी येणारं ‘कुदासाइ’ हे ‘कुदासारु’चंच रूप. गाडीखाली न जाण्याचीसुद्धा आपण रेल्वेवर मेहेरबानी करायची.

उलट बाजूला मात्र खड्डा आहे. आपण सरांना सहज म्हणतो, ‘सर, बॅग धरून देतो.’ याचं शब्दशः जपानी ‘मोत्ते आगेमाशो का’ झालं, की सरांवर मी उपकार करतोय असं ते ऐकू येतं. तिथे म्हणायचं ‘ओमोचि शिमास’. त्यात देण्याचा उल्लेखच नाही. दुसरी चूक याहून गोड आहे. तास संपल्यावर आपला विद्यार्थी मनापासून म्हणतो, ‘सर, आज छान शिकवलंत.’ मराठीत ही शाबासकी नव्हे, कौतुक आहे, आणि सर खूश होतात. जपानीत ‘छान’ म्हणणं म्हणजे मोजमाप करणं, आणि मोजमाप वरचा माणूस खालच्याचं करतो. मग विद्यार्थ्याने काय म्हणावं? ‘बेन्क्यो नि नारिमाशिता’, म्हणजे माझा अभ्यास झाला. शिकवण्याविषयी अवाक्षर न काढता आपल्याला काय मिळालं तेवढं सांगायचं.

हे ‘झालं’ नीट ऐकण्यासारखं आहे. कोणी मोठा माणूस लिहितो तेव्हा जपानी म्हणतात ‘ओकाकि नि नारु’ : लिहिणं होतं. करणारा धूसर करायचा आणि घटना आपोआप घडल्यासारखी मांडायची. आणि हे आपल्याला परकं आहे का? जुन्या वळणाच्या घरात पाहुण्याला ‘तुम्ही कधी आलात?’ असं विचारत नसत. ‘कधी येणं झालं?’ असं विचारत. ‘बसा, खा’ म्हणण्यापेक्षा ‘बसावं, दोन घास घ्यावेत’ हे अधिक अदबीचं. इतक्या दूरच्या दोन भाषा मोठ्या माणसावर क्रियापदाचं बोट रोखायला सारख्याच कचरतात, हे मला कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

स्वतःला खाली घेण्याचे शब्दही ओळखीचे वाटतील. भेट देताना जपानी माणूस ‘त्सुमारानाइ मोनो देस गा’ म्हणतो, म्हणजे काही विशेष नाही, पण. आपली ‘फूल ना फुलाची पाकळी’. आपली कंपनी पत्रात ‘हेइशा’, म्हणजे जीर्ण कंपनी. समोरच्याची ‘किशा’, म्हणजे मानाची कंपनी. ते पत्र अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीचं असलं तरी जीर्णच.

पण खरी परीक्षा टेलिफोनवर होते. समजा, पुण्याहून गेलेला एक इंजिनिअर तोक्योच्या कार्यालयात बसलाय. त्याचे वरिष्ठ सुझुकी नावाचे, पन्नाशीचे. कार्यालयात तो त्यांना कधीही ‘सान’ किंवा हुद्दा लावल्याशिवाय हाक मारत नाही. त्यांच्यासाठी सगळी क्रियापदं आदराची. फोन वाजतो. बाहेरच्या कंपनीतून सुझुकींची चौकशी होते. मराठी मन सांगतं, ‘सुझुकीसाहेब जेवायला गेलेत’ म्हण. आणि तसं म्हटलं की पलीकडच्याच्या भुवया उंचावल्या म्हणून समजा. तिथे म्हणायचं असतं ‘सुझुकी वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’. नुसतं ‘सुझुकी’. ‘सान’ नाही, ‘साहेब’ नाही, आणि क्रियापद ‘ओरु’, जे स्वतःसाठी वापरायचं नम्र रूप. ‘सुझुकी आत्ता जागेवर नाही’, जवळजवळ आपल्या ‘अरे-तुरे’तलंच. फोन ठेवला, सुझुकी परत आले, की लगेच पुन्हा ‘सुझुकी-सान’ आणि वरची क्रियापदं.

याला ‘उचि’ आणि ‘सोतो’ म्हणतात, आत आणि बाहेर. बाहेरच्याशी बोलताना माझे साहेब माझ्याच बाजूचे होतात, आणि आपल्या बाजूला परक्यापुढे चढवायचं नसतं. आईलाही हेच लागू. घरात ‘ओकासान’, परक्याजवळ तिच्याविषयी बोलताना ‘हाहा’. आपल्याकडची सून शेजारणीजवळ ‘आमच्या सासूबाई आल्यात’ म्हणते, आणि ‘आल्यात’ न म्हणता ‘आलीय’ म्हणाली तर शेजारीण त्याचा वेगळाच अर्थ लावेल. शेजारच्याच कोरियात आदर आपल्यासारखाच माणसाशी बांधलेला आहे. कंपनीबाहेरच्याशी बोलतानाही साहेब साहेबच राहतात. ही बाहेर-आतची रेघ जपानीची खासियत.

आता आभारांचा शब्द. ‘अरिगातो’ पोर्तुगीजांच्या ‘ओब्रिगादो’वरून आला, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. कानाला पटतंही. जपानी ‘पान’ आणि आपला पाव ही एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन भावंडं, मग हे का नाही? पण तारखा आड येतात. पोर्तुगीज माणूस जपानच्या तानेगाशिमा बेटावर पहिल्यांदा उतरला १५४३ मध्ये. त्याच्या पाच शतकं आधी, इसवी सन १०००च्या सुमारास, सेइ शोनागोन ही दरबारी लेखिका ‘माकुरा नो सोशि’ या तिच्या टिपणवहीत ‘अरिगाताकि मोनो’ अशा मथळ्याची यादी करून बसली होती. मूळ शब्द ‘अरि-गाताशि’ : ‘अरि’ म्हणजे असणं, ‘काताशि’ म्हणजे अवघड. असणं अवघड, म्हणजे दुर्मिळ, दुर्लभ. तिच्या यादीत सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे, सासूला आवडणारी सून आहे, केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा आहे आणि धन्याची निंदा न करणारा नोकर आहे. हजार वर्षांत या यादीतला फार तर चिमटा सुधारला असेल.

दुर्लभवरून आभारावर शब्द कसा आला, तर बौद्ध विचाराच्या वाटेने. माणसाचा जन्म दुर्लभ, ही गोष्ट आपल्याकडे कीर्तनात ऐकत आलो ती तिथे मठांतून सांगितली जाते, आणि तीसुद्धा बुद्धाच्याच दृष्टांताने : समुद्रात शंभर वर्षांतून एकदा वर येणाऱ्या आंधळ्या कासवाची मान तरंगत्या लाकडाच्या भोकात नेमकी अडकावी, इतकं ते अवघड. जे सहसा घडत नाही ते माझ्या वाट्याला आलं, ही भावना आधी देवाबुद्धापुढे आणि मग माणसापुढे बोलली जाऊ लागली. ‘गोझाइमास’ हे शेपूट ‘गोझारु’वरून आलं, आणि त्यातलं ‘गोझा’ म्हणजे मानाचं आसन. आपल्या ‘विराजमान’च्या घरातलाच हा शब्द म्हणायचा. तेव्हा ‘अरिगातो गोझाइमास’ म्हणजे फोड करून : दुर्लभ असं काही विराजमान झालं आहे.

पोर्तुगीजांचा धागा इथेच सोडायला नको, कारण त्याचं दुसरं टोक गोव्यात आहे. कागोशिमाचा अंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पाउलो झाला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, आणि १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर त्याला सोबत घेऊनच कागोशिमाला पोहोचला. पुढे जेझुइट पाद्र्यांनी दोन्हीकडच्या भाषांची व्याकरणं लिहिली. जोआंव रोद्रिगिशचं जपानी व्याकरण १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीला छापलं गेलं. आदराची रूपं युरोपीय वाचकाला समजावण्याची खटपट त्यात आहे. ‘क्रिस्तपुराण’कार थॉमस स्टीफन्सचं कोकणी व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीजांनी पाव दोन्हीकडे रुजवला, आभार मात्र कुठेच रुजवू शकले नाहीत. कोकणी माणूस आजही ‘देव बरें करूं’ म्हणतो.

रोजच्या वापरात ‘अरिगातो’ला तोडीस तोड चालतो तो ‘सुमिमासेन’. पुस्तकात त्याचा अर्थ ‘माफ करा’ असा दिलेला असतो आणि नवखा गोंधळतो. वेटरला हाक मारायची, सुमिमासेन. गर्दीत धक्का लागला, सुमिमासेन. कोणी तुमची पडलेली छत्री उचलून दिली, तरी सुमिमासेन. तिथे माफी कसली? ‘सुमु’ म्हणजे संपणं, चुकतं होणं, हिशेब मिटणं. ‘सुमिमासेन’ म्हणजे हे मिटलेलं नाही, माझ्याकडून फिटलेलं नाही. जपानीत उपकाराला ‘ओन’ म्हणतात आणि तो अंगावर ‘घालतात’, कपड्यासारखा. आपण उपकाराचं ओझं वाहतो, ते नेसतात.

‘सुमिमासेन’चं उत्तम मराठी भाषांतर कोणी केलं असेल, तर आपल्या सभांमधल्या आभारप्रदर्शकाने. टाळ्या ओसरलेल्या असतात, मागच्या रांगा चपला शोधत असतात, आणि तो माइकवरून सांगत असतो, ‘मी आपले आभार मानणार नाही, आपल्या ऋणातच राहायला मला आवडेल.’ आपण हसतो. पण बोलतो तो अगदी शुद्ध जपानी. घेतलेलं फेडून मोकळं व्हायचं नाही, शिल्लक ठेवायचं. आणि समोरून येणारं उत्तरही जुळतं. ‘दो इताशिमाशिते’ म्हणजे ‘मी असं काय केलं?’ आपलं ‘अहो, त्यात काय एवढं!’ ओसाकाकडची माणसं या सगळ्यातून वेळ वाचवतात आणि ‘ओकिनि’ एवढंच म्हणतात, ज्याचा अर्थ आहे ‘फार’. काय फार, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

या व्याकरणाला सरकारनेही हात लावून पाहिला आहे. युद्धानंतर, १९५२ मध्ये, राष्ट्रीय भाषा परिषदेने ‘यापुढची आदरभाषा’ अशा अर्थाचा प्रस्ताव मांडला. आदर सोपा करा, समोरच्याला ‘आनाता’ म्हणजे ‘तुम्ही’ हा एकच शब्द ठेवा, असा लोकशाहीचा सूर. लोकांनी ऐकलं नाही. आज साहेबांना ‘आनाता’ म्हणणं उद्धटपणाच ठरतो. तिथे नाव किंवा हुद्दाच घ्यायचा, आपल्या ‘साहेबांनी बसावं’सारखा. २००७ मध्ये सांस्कृतिक परिषदेने नवी मार्गदर्शिका काढली. शाळेत तीन प्रकार शिकवले जात : समोरच्याला चढवणारा सोन्केइगो, स्वतःला उतरवणारा केन्जोगो आणि सभ्य शेवट करणारा तेइनेइगो. समितीने त्यांचे पाच केले. सोपं करायला बसलेली समिती वर्गवारी वाढवून उठते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

शटरवरच्या कागदातलं ते ‘सासेते इतादाकु’ही समितीने तपासलं. कोणाची तरी खरोखर परवानगी लागत असेल आणि तिचा आपल्याला लाभ होत असेल, तिथे ते शोभतं, असं मार्गदर्शिका सांगते. प्रत्यक्षात ते कुठेही वापरतात. झेरॉक्स काढायची असली तरी, स्वतःची ओळख करून द्यायची असली तरी. चढवण्याचा ‘आगेरु’ तर इतका झिजला आहे की लोक कुत्र्याला खाणं आणि कुंडीला पाणीसुद्धा ‘चढवतात’, आणि यावर म्हातारी मंडळी नाक मुरडतात. मला यात ऱ्हास दिसत नाही. नाणं हातोहात फिरलं की झिजणारच. आपलाही ‘आपण’ निमंत्रणपत्रिकेपुरता उरत चाललाय आणि ‘थँक्यू’ स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलंय.

जाणाऱ्यासाठी एक कामाची गोष्ट. ‘अरिगातो’ला काळ असतो. काम चालू असताना ‘गोझाइमास’, झाल्यावर ‘गोझाइमाशिता’. पण त्या वेळी मानलेल्या आभारांनी तिथे खातं बंद होत नाही. कोणी तुम्हाला जेवायला नेलं, तर त्या रात्री आभार माना, हवं तर दुसऱ्या दिवशी निरोपही पाठवा. आणि आठवड्याने तोच माणूस लिफ्टमध्ये भेटला, तर हवापाण्याच्या आधी म्हणा, ‘कोनोआइदा वा गोचिसोसामा देशिता’, त्या दिवशी तुमची फार धावपळ झाली. मराठी माणसाला हे उगाच उगाळल्यासारखं वाटतं, म्हणून तो गप्प राहतो. पुढच्या वेळी गप्प राहू नका. समोरचा ते वाक्य ऐकायला थांबलेला असतो.